बोलतो खूप, पण कोणासमोर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदच्या शिवारातल्या एका गोठ्यात, मेढीला ठोकलेल्या खिळ्यावर, एक पांढरा कप कानाने अडकवलेला असतो. तो सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा. घरून थर्मास आला की मालक स्टीलच्या पेल्यात चहा घेतो. सालदार उठतो, खिळ्यावरचा कप काढतो, जरा लांब बसून पितो, विसळतो आणि परत अडकवतो. त्याबद्दल कोणी कोणाला काही म्हणत नाही. मालकाला विचारले तर तो मनापासून सांगतो, ‘आमच्याकडे जातपात कोणी पाळत नाही, तो घरातलाच आहे.’ त्याच्यादेखत सालदाराला विचारले तर तोही मान डोलावतो. संध्याकाळी भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, जाऊन त्याच माणसाशी बोलले, की तो कप किती वर्षांपासून तिथे आहे आणि त्याच्या बापाचा कप कुठे असायचा, हे तो बारकाव्यानिशी सांगतो.

माणूस एकच असून त्याची उत्तरे दोन, आणि आपल्या जिल्ह्यातल्या जातीविषयीच्या बोलण्याची सगळी अडचण याच दोन उत्तरांमध्ये आहे.

आपण जातीवर बोलत नाही असे कोणी म्हणणार नाही. निवडणूक लागली की पारावर गुजर किती, पाटील किती, भिल्ल किती, पावरा किती याचे हिशेब तोंडपाठ असतात. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न तोच असतो. आश्रमशाळेतल्या एखाद्या पोराला नोकरी लागली की ‘सवलतीतून लागला’ हे वाक्य त्याच्या पेढ्याच्या आधी गावभर फिरते. हे बोलणे मोकळे आहे, पण ते आपापल्या लोकांत होते. ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर आला की विषय पावसापाण्याकडे वळतो.

अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नावर हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे. तिथले पहिले कृष्णवर्णीय अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी फेब्रुवारी 2009 मध्ये जाहीर भाषणात सांगितले की वंशाच्या बाबतीत आपला देश भित्र्यांचा ठरला आहे. नोकरीच्या ठिकाणी सगळे एकत्र असतात, सुट्टीच्या दिवशी ज्याचा तो आपल्या वस्तीत जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यावर मोठे काहूर माजले. ते बोलणे आपल्याला परके वाटू नये. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला होता, आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. दिवसभर एका वावरात आणि दिवस मावळला की गावात व भिलाटीत, हे आपलेही रोजचे जगणे आहे.

दलित पँथरच्याच काळात आपल्या शहादा तालुक्यात एकदा समोरासमोर बोलणे झाले होते. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. त्यानंतर भिल्ल समाजातून आलेले अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक महाराज म्हणत, आणि त्यांच्याबरोबरचे तरुण कार्यकर्ते गावोगाव फिरले. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. या लोकांनी समतेवर व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी माणसे बसवून विचारले: तुझी जमीन कोणाकडे गेली, कोणत्या साली, किती रुपयांच्या उचलीपायी? सालाचे ठरले किती आणि हातात पडले किती? उत्तरे मालकांच्या तोंडावर मांडली गेली. पुढे 1974 मध्ये राज्याने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. कायद्यात ज्या तारखा आल्या, त्यांच्यामागे कोणीतरी आधी मालकाच्या नजरेला नजर देऊन बोलले होते.

त्या चळवळीतली आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली आणि मारझोड करणाऱ्या स्वतःच्या नवऱ्यांनाही जाब विचारला. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. समोरच्याचे पाप मोजताना त्यांनी आपल्या घराचे दार लावून घेतले नाही.

मात्र आदिवासींच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही एक दुखणे आहे, आणि ते याच मातीतल्या एका कवीने दाखवून दिले. श्रमिक संघटनेत काम केलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आदिवासींचे दुःख आदिवासींनाच स्टेजवरून सांगितले जाते; ज्यांचे ते दुःख आहे ते मात्र खाली बसलेले असतात. पत्रकारांनी, आम्हाला धरून, ही कविता पुन्हा पुन्हा वाचावी. भिलाटीवर आम्ही रकाने लिहितो. भिलाटीतल्या माणसाने लिहिलेला मजकूर किती वेळा छापतो?

यावर हमखास उत्तर येते की आता सत्ता आदिवासींचीच आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. लोकसभेची जागा राखीव, विधानसभेच्या चारही जागा राखीव. हे खरे आहे आणि त्याने पुष्कळ बदलले. पण आमदार निवडून येतो तो पाच वर्षांनी, आणि सालदाराला वावरात रोज जायचे असते. साठीतल्या माणसाला पंचविशीतला पोरगा ‘ए’ म्हणून हाक मारतो आणि तो म्हातारा त्या पोराला ‘शेठ’ म्हणतो, तोवर राखीव जागेने बोलणे बरोबरीचे झाले असे मानता येत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण पाटी बदलली आणि तोंडातले नाव तेच राहिले, तर हाती काय लागते? आमचे मत असे की नवे नाव काय असावे, हे आधी तिथे राहणाऱ्यांना विचारावे. काहींना ‘भिलाटी’ हा शब्द काढून टाकावासा वाटेल, काहींना तो आपला म्हणून ठेवावासा वाटेल. त्यावर वाद होईल, आवाज चढतील. होऊ द्यावेत.

असे समोरासमोर बोलायची एक वेळ दरवर्षी येतेच. खानदेशात सालाचा व्यवहार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो आणि आखाजीच्या आसपासच 1 मेची ग्रामसभा येते. त्या सभेत यंदाचे सालाचे दर मोठ्याने वाचले जावेत: रोख किती, धान्य किती, सुट्ट्या किती, आजारपणात काय. पहिले बोलणे सालदाराचे असावे, मालकाचे त्यानंतर, आणि दोघे एकाच सतरंजीवर बसलेले असावेत. मधल्या वेळात चहा येईल. तो सगळ्यांना सारख्याच पेल्यात द्यावा.