परके कुठे, तिथे की इथे?

परदेशात घर घेणारा पोरगा समाजाला विसरला, असं आपलेच कार्यकर्ते सर्रास बोलतात. मला हे मान्य नाही.

बाबू मंगूराम 1909 साली पंजाबमधल्या मुगोवालहून कॅलिफोर्नियात मजुरीला गेले. 1913 मध्ये तिथे कायदा झाला: नागरिकत्वाला अपात्र परकीयांना शेतजमीन घेता येणार नाही. 1923 च्या थिंड निकालानंतर भारतीयही त्यात अडकले. पण मंगूरामांच्या गावी तरी काय होतं? 1900 च्या पंजाब जमीन हस्तांतर कायद्याने ‘शेतकरी जमातीं’ची यादी केली. यादीतल्यांची जमीन बाहेरच्याला सरकारी परवानगीशिवाय विकत घेता येत नसे, आणि अस्पृश्य यादीबाहेर. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत राबले, तिथेच परके! 1925 ला परतून त्यांनी पुढच्या वर्षी आदधर्म चळवळ उभारली. परदेशात राहून आलेला माणूस समाजाला विसरला होता का?

आज इंग्लंडमध्ये परदेशी माणूस घर घेऊ शकतो. तिथे न राहणाऱ्याला मुद्रांक शुल्क 2 टक्के जादा पडतं, पण ते कायद्यात लिहिलेलं असतं. पुण्यात फ्लॅट बघायला गेलो तेव्हा दलालाने आधी आडनाव विचारलं, बजेट नंतर.

जय भीम!