गावात आलेला रुपया थांबतो किती?

आर्थिक प्रतिमानं ही नियोजन खात्याची कामं, अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरला त्यांचं काय, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सरपंचाला गाव पाठ असतं; शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, मग ठरवायला उरलं काय, असा त्यांचा सवाल.

उरलं ते थोडं नाही. संविधानाचं २४३-जी कलम पंचायतीकडून आर्थिक विकासाचा आराखडा अपेक्षतं, नुसती कामांची यादी नव्हे. सरपंचाला गावातली माणसं ठाऊक असतात, पण गावाबाहेर जाणारा पैसा कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. भागातलं सोयाबीन लातूरच्या बाजारात जातं, तेल तिकडं निघतं आणि पेंड आपण विकत आणतो. निधीचंही तसंच. समजा, दहा लाख पेव्हर ब्लॉकवर गेले तर सिमेंट, यंत्र आणि बहुधा ठेकेदारही बाहेरचा. साठवण आणि प्रतवारीच्या सोयीवर गेले तर हमाली, वाहतूक, आडत यांतला किती वाटा इथं राहील? अंबाजोगाई शहराला नाही ते रेल्वे स्थानक परळी–लातूर रोड मार्गावरच्या घाटनांदूरला आहे. त्याचा उपयोग मालाला होईल का? हे अंदाजानं ठरवू नये. कोण कुणाकडून किती घेतं याचा तक्ता, म्हणजेच असं एक प्रतिमान, अर्थशास्त्रज्ञ वासिली लिऑन्टिफ यांनी देशांसाठी मांडला, त्यासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. गावासाठी तो वहीच्या चार पानांत मावेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आकडेच नाहीत. जिल्हा उत्पन्नाचा बराचसा भाग राज्याच्या आकड्यांची वाटणी करून काढलेला असतो, गावाचा तर तोही नाही. हे मला मान्य आहे. त्याहून गंभीर गोष्ट जनगणनेची. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, ऐन गळीत हंगामात. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेली कुटुंबं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर होती. मोजणीचा सगळा काळ जो बाहेर, तो गावच्या खात्यात धरला जात नाही, आणि निधीवाटपात लोकसंख्या हा मोठा निकष आहे. २०२७ ची मोजणीही फेब्रुवारीतच ठरली आहे. पण यातून निघतं ते एवढंच, की वरून आलेल्या आकड्यांवर विसंबू नये. गावानं स्वतः मोजू नये, असं यातून निघत नाही.

मराठवाड्यानं विकासाच्या अनुशेषावर चाळीस वर्षं वाद घातला. वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये तो मोजून दिला, म्हणून तर मागणीला बळ आलं. मोजणीची ताकद आपणच अनुभवली आहे. मात्र ते मोजमाप सोयी किती कमी आहेत याचं होतं. आलेला पैसा किती टिकतो, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घरात येते, तिच्यातलं किती व्याजात, किती दवाखान्यात आणि किती गावच्या दुकानात जातं, याचा हिशेब कुठल्या आराखड्यात आहे?

तज्ज्ञांच्या हाती सगळं सोपवा, असं मी म्हणत नाही. तक्ता ग्रामसभेत वाचला जावा, आडत्यानं, शेतकऱ्यानं, कोयत्यावर जाणाऱ्या बाईनं तो खोडून काढावा, मग आराखडा ठरावा. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते आणि दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. म्हणून हा हिशेब १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच मांडला पाहिजे, आणि त्याच सभेत हंगामाला जाणाऱ्या प्रत्येक घराची नोंद ठरावासह व्हायला हवी.