आवाज कमी करा, मग ईअरफोन निवडा

नेहरू प्लेसला किंवा करोलबागेच्या गफार मार्केटमध्ये तारेचा ईअरफोन ऐकून बघायला मागितला, तर बहुतेक दुकानांत एकच गोष्ट घडते. दुकानदार मोबाइलचा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेतो, ढोलाच्या ठेक्याचं एखादं गाणं लावतो आणि म्हणतो, “बेस देखिए.” कानात धडधड सुरू होते, ग्राहक मान डोलावतो आणि पैसे मोजतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. स्वस्त ईअरफोनची खरी परीक्षा आवाज कमी करून होते. कमी आवाजातही ज्याच्यातून शब्द आणि सूर स्वच्छ पोचतात, तो चांगला. ज्याला खुलायला मोठा आवाज लागतो, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण त्याची उरलेली किंमत कान देतात.

मी मूळची मिरजेची. नोएडाच्या फिल्म सिटीत, म्हणजे सेक्टर १६एमध्ये, आवाजाच्या संपादनाचं काम करते. बाइटमागची पंख्याची घरघर काढायची, पुसट झालेला शब्द वर आणायचा, हा माझा रोजचा उद्योग. माझा मामेभाऊ ओल्ड राजेंद्र नगरात राहून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो. त्या गल्ल्यांमध्ये लातूर, नांदेड, सोलापूर, कोल्हापूरकडची कितीतरी मुलं भेटतात. एका खोलीत दोघं-तिघं, प्रत्येकाचा विषय वेगळा, शिकवणी मोबाइलवर, त्यामुळे दिवसातले अनेक तास कानात ईअरफोन. “ताई, दोन हजारांच्या आत कोणता घेऊ?” हा त्याचा प्रश्न आता त्याच्या मित्रांकडूनही माझ्यापर्यंत येतो. त्या सगळ्यांसाठी मी हे लिहिते आहे.

आधी कानांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार प्रौढ माणसाने सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला अवघी ४ तास उरते. आता मेट्रोची ब्लू लाइन डोळ्यांसमोर आणा. करोलबागेहून नोएडाकडे निघालेली गाडी राजीव चौकाच्या आसपास भुयारात शिरली की चाकांची घरघर, दारांचे इशारे, उद्घोषणा आणि गर्दी एक होते. कानात सैल बसलेला ईअरफोन असेल, तर माणूस नकळत आवाज वाढवतो. बाहेर आल्यावर तो कमी करायचं लक्षात राहत नाही. असं रोज चाललं तर कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. विशी-पंचविशीतल्या मुलाला याची चाहूलही लागत नाही.

कानाची नळी बंद करून बसणारा ईअरफोन, म्हणजे इन-ईअर मॉनिटर, जन्मला तोच मुळी आवाज कमी करण्यासाठी. रॉक मैफलीच्या मंचावर वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून पायाशी मोठे स्पीकर ठेवत, आणि एकमेकांवर मात करता करता सगळेच बहिरेपणाकडे सरकत. १९९५च्या सुमारास अमेरिकेत जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या बँडच्या ड्रमवादकासाठी कान बंद करणारे ईअरफोन बनवले आणि त्यातूनच ‘अल्टिमेट ईअर्स’ ही कंपनी उभी राहिली. बाहेरचा गोंगाट आधी बाहेरच अडवायचा, मग आत हवं तेवढंच सोडायचं, हे त्यामागचं तत्त्व. आज हीच रचना दीड-दोन हजार रुपयांत मिळते. सेव्हनहर्ट्झचा सालनोट्स झीरो, मूनड्रॉपचा चू यांसारख्या २०२२ साली आलेल्या चिनी ईअरफोनांनी या किमतीतल्या आवाजाची पातळीच बदलून टाकली. कधी काळी व्यावसायिकांपुरती असलेली वस्तू विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

म्हणून पहिली पाहणी कानात बसण्याची. डब्यात रबराच्या लहान, मध्यम, मोठ्या टिपा असतात. बहुतेक लोक आधीच बसवलेली मध्यम टीप तशीच कानात घालतात आणि “यात बेस नाही” म्हणतात. कानाची पोकळी पूर्ण बंद झाली नाही, तर खालचे सूर फटीतून निसटतात. तिन्ही टिपा लावून पाहा. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी त्यात गैर काही नाही. ईअरफोन घालून, काहीही न वाजवता, स्वतःशी दोन वाक्यं बोला. आवाज डोक्याच्या आत घुमल्यासारखा वाटला, तर कान नीट बंद झाला आहे. वायर कानामागून वळवून घ्या, म्हणजे ती कपड्यांना घासल्याची खरखर कमी येते. चष्मा असेल तर तो घालूनच बघा.

दुसरी पाहणी बोलण्याची. आवाज इतका खाली आणा की समोरचा माणूस हळू बोलतोय असं वाटावं. मग ओळखीचं मराठी व्याख्यान किंवा बातमीपत्र लावा. ‘चूक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च, ‘झाड’मधला झ आणि ‘झेंडा’मधला झ वेगळे कळतात का? ‘स’ टोचतो का? ‘स’ची सळसळ साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तिथे उगाच चढ दिला असेल, तर पहिल्या पाच मिनिटांत आवाज चकचकीत वाटतो आणि तासाभराने डोकं दुखतं. आणखी एक जागा ३ हजार हर्ट्झच्या आसपासची. उघड्या कानाची नळी तो भाग नैसर्गिकरीत्याच वाढवून ऐकवते. ईअरफोनने नळी बंद केली की ती वाढ नाहीशी होते, म्हणून ती ईअरफोनच्या रचनेतच भरून काढावी लागते. ती कमी पडली की शिक्षक उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे वाटतात, आणि जास्त झाली की अंगावर ओरडल्यासारखे. शिकवणीसाठी ईअरफोन घेणाऱ्याने माझ्या मते या पाहणीला सर्वांत जास्त गुण द्यावेत.

तिसरी पाहणी गाण्याची, आणि इथे आपल्याकडे फार मोठी शिदोरी आहे. ईअरफोनच्या परीक्षणांत बहुतेक वेळा पाश्चात्त्य गाणी वापरली जातात. आपण तंबोरा का वापरू नये? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्याचा जीव त्याच्या जवारीत असतो. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसत जातो, तारेखालचं सूत सरकवतो, थांबून ऐकतो, पुन्हा कानसतो. त्या वक्र घोडीमुळे तारेतून उपस्वरांची गर्दी उठते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांच्या या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात त्याच खर्जातून, कुणीही न छेडता, गंधार उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो.

आता हलक्या आवाजात नुसता तंबोरा ऐका. खर्जाचा भरीव आधार लागतो का? त्यावरचा गंधार वेगळा दिसतो का? सगळ्यांवरची जवारीची लहर मोकळी आहे, की कर्कश? एका तंबोऱ्यात खाली खर्ज, मधे गंधार, वर जवारी, अशा तिन्ही सप्तकांची तपासणी होते. बेस फुगवलेल्या ईअरफोनमध्ये खर्ज गंधाराला गिळून टाकतो. त्यानंतर किशोरी आमोणकरांचं एखादं रेकॉर्डिंग लावा. त्यांच्या हातातलं स्वरमंडळ, मागचा तंबोरा आणि त्यांचा आवाज वेगवेगळे राहतात, की एका ढगात मिसळतात? शेवटी तबला. शाईमुळे तबल्यासारख्या वाद्यांतून सुरेल उपस्वर कसे निघतात, हे रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं होतं. चाटेवरचा ‘ना’ टणक आणि नेमका यायला हवा, बायाची मींड खाली सरकताना सलग ऐकू यायला हवी. बाया नुसता ‘धुम्’ करत असेल, तर तो बेस खोटा आहे.

कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. त्यामुळे बेसला थोडा उठाव देणं चूक नाही. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतही लोकांना थोडा वाढीव बेस आवडतो असं दिसलं. माझा आक्षेप त्या उठावाला नाही. त्याच्याखाली शब्द दडपले जातात, त्याला आहे. दोन ईअरफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी एका पातळीवर आणा, कारण किंचित मोठा वाजणारा आपल्याला नेहमी जास्त चांगला वाटतो. आणि डब्यावरच्या ‘चार ड्रायव्हर’, ‘सहा ड्रायव्हर’ या आकड्यांनी भुलू नका. ड्रायव्हर म्हणजे ईअरफोनच्या आत आवाज निर्माण करणारा भाग. नीट जमवलेला एकच डायनॅमिक ड्रायव्हर घाईत जुळवलेल्या चारांपेक्षा सरस असू शकतो.

आता बांधणी. ईअरफोन बहुतेक वेळा वायरमुळे मरतो. पिनेपाशी, किंवा वायर कानातल्या भागात शिरते तिथे ती तुटते, आणि आतला धडधाकट ड्रायव्हर कचऱ्यात जातो. म्हणून वायर सुटी होणारा ईअरफोनच घ्या. दोन काड्यांची, ०.७८ मिलिमीटरची जोडणी आता सर्रास मिळते आणि तिची सुटी वायर काहीशे रुपयांत येते. मूनड्रॉपचा पहिला चू कायमच्या जोडलेल्या वायरचा होता. २०२३ साली आलेल्या चू २मध्ये कंपनीने सुटी होणारी वायर दिली. म्हणजे स्वस्तातही हे जमतं. याशिवाय पिनेच्या मानेशी लवचीक रबर आहे का, तोंडाशी जाळी नीट चिकटलेली आहे का, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो का, आणि कानात घालताना आत कर्रकन वाजतं का, ते बघा. शेवटच्या आवाजाचा अर्थ हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकतोय. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामाने आतलं तांबं हिरवं पडतं आणि जाळीवर मळ बसतो. वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसणं एवढी देखभाल पुरते.

तार नसलेल्यांचं काय, असं विचारलं जाईलच. गोंगाट शोषणारा चांगला बिनतारी ईअरफोन मेट्रोत खरोखर उपयोगी आहे, हे मी मान्य करते. पण तसा चांगला घ्यायचा तर जास्त पैसे लागतात, आणि हजार-दीड हजाराच्या जोडीत इवलीशी बॅटरी चिकटवून बंद केलेली असते. ती दमली की अख्खी जोडी संपते. अशा वस्तूंचं पुढे काय होतं, ते यमुनेपलीकडच्या सीलमपूरच्या गल्ल्यांमध्ये दिसतं, जिथे शहराचा इलेक्ट्रॉनिक कचरा हातांनी फोडला जातो. २०१६ साली ॲपलने आयफोन ७मधून हेडफोनचं भोक काढलं आणि पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या, तरी स्वस्त फोनांत ते अजून बऱ्याचदा मिळतं. नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड लावता येतो. तो घेताना आपल्या फोनवर चालवून बघा, कारण काही फोनांना आत डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचा आवाज करणारी चिप, असलेलाच जोड लागतो. आणि ईअरफोन तारेचा असो वा बिनतारी, रस्ता ओलांडताना तो कानातून काढाच.

या सगळ्याचा भार एकट्या ग्राहकावर टाकणं बरोबर नाही. ईअरफोन कमी आवाजात, नीट ऐकून घेता यावा, ही मागणी आपण दुकानात उभं राहून करायला हवी. पुसायला स्पिरिट, बदलायला टिपांची पिशवी आणि चाचणीचा एक नमुना ठेवायला दुकानदाराला फार खर्च येत नाही. विक्रेत्यांनी डब्याशेजारी सुटी वायर आणि टिपा विकायला ठेवाव्यात. शिकवणी वर्गांनी आपली व्याख्यानं स्वच्छ, एका पातळीवर रेकॉर्ड करावीत. माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते, की घुमणाऱ्या खोलीत दूरच्या माइकवर पकडलेला शब्द कोणताही ईअरफोन सुधारू शकत नाही, आणि मग विद्यार्थी बिचारा आवाजच वाढवत राहतो. आणि पालकांनी मुलाला दिल्लीच्या गाडीत बसवताना पुस्तकं आणि गादीच्या खर्चात एका नीट ईअरफोनचे दोन हजार धरावेत. परीक्षेचा निकाल काहीही लागो, ते कान त्याला पुढची पन्नास-साठ वर्षं वापरायचे आहेत.