गोलरेषेमागचे पाच जण

या सदरात क्रिकेटवर लिहिले की पत्रे येतात, कुस्तीवर लिहिले की फोन येतात, आणि हॉकीवर लिहिले की कोणीच काही बोलत नाही. तरीही आज मी हॉकीवरच लिहिणार आहे. फराळाचे ताट समोर असताना वाचक लेखकावर सहसा रागावत नाही, असा माझा अनुभव आहे.

गोष्ट नांदेडची आहे. माझी धाकटी बहीण तिथे असते. महालक्ष्म्यांच्या सणाला लातूरहून एस. टी. ने मी तिच्याकडे गेलो, तर घरात सणाची गडबड आणि एका कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला माझा भाचा. वय वर्षे चौदा, इयत्ता नववी, शाळेच्या हॉकी संघातला खेळाडू.

नांदेडच्या पोरांना हॉकीचे वेड लागावे यात नवल नाही. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने तिथे सुवर्ण व रजत चषकाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. बाहेरगावचे नामांकित संघ येतात आणि गावातली पोरे कुंपणाला नाक लावून त्यांचा खेळ पाहतात. आमचे चिरंजीव त्यांतलेच.

"मामा, मी हॉकी सोडायलोय," तो म्हणाला.

मी कारण विचारण्याआधीच बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दादा, तू त्याला काही समजावू नकोस बरं का. सोडतोय तेच चांगलं आहे. परवा गुडघा हा एवढा सुजला होता. उद्या डोळ्याला लागलं म्हणजे?"

हळूहळू सगळी हकीकत कळली. त्यांच्या संघाने तीन सामने ओळीने गमावले होते. अंगावर सात गोल चढले, आणि त्यांतले पाच पेनल्टी कॉर्नरवर, ज्याला पोरे अजून 'शॉर्ट कॉर्नर' म्हणतात. त्या कॉर्नरवर सर्वांत आधी चेंडूवर धावून जाण्याचे काम आमच्या भाच्याकडे होते. म्हणजे गुडघाही त्याचाच सुजला आणि पराभवाचे खापरही त्याच्याच डोक्यावर फुटले. "मी एकटाच पळायलो मामा, बाकीचे नुसते बघायलेत," असे म्हणताना त्याचा आवाज घोगरा झाला.

ज्या वाचकांनी हॉकी लांबूनच पाहिली असेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, ज्याला 'डी' म्हणतात, बचाव करणाऱ्याने नियमभंग केला की समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. त्या वेळी बचाव करणाऱ्यांपैकी गोलकीपर धरून फार तर पाच जण गोलरेषेमागे थांबू शकतात. बाकीच्यांनी मध्यरेषेपलीकडे जायचे. गोलच्या खांबापासून कमीत कमी दहा मीटरवरून एक जण चेंडू आत ढकलतो, 'डी'च्या टोकाशी दुसरा तो अडवतो आणि तिसरा गोलवर मारतो. सरळ टोला मारला तर चेंडू गोलातल्या फळीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या, वर जाता कामा नये. पण काठीने ओढून फेकलेल्या चेंडूला, म्हणजे ड्रॅग फ्लिकला, ते बंधन नाही. मोठ्या सामन्यांत तो ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. चौदा-पंधरा मीटरचे अंतर तो अर्ध्या सेकंदात तोडतो. डोळ्याची पापणी लवून होते न होते तोच चेंडू जाळीत! आणि त्या चेंडूच्या दिशेने एका पोराने छाती काढून धावायचे. बहिणीची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

संध्याकाळी मी भाच्याबरोबर मैदानावर गेलो. मैदान मुरुमाचे, पावसाने नुकतीच उघडीप दिलेली. रेल्वेतून निवृत्त झालेले एक वयस्कर सरदारजी नुकतेच मुलांना शिकवायला येऊ लागले होते. मुले त्यांना नुसते 'सर' म्हणत. मराठी आपल्यापेक्षा चांगले, आवाज त्याहून चांगला.

मला वाटले होते, ते मुलांना आता पळवतील, घाम काढतील. त्यांनी काढली वही. "गोल कसा झाला ते मला सांगू नका," ते म्हणाले. "कॉर्नर कसा मिळाला ते सांगा."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. आठवून आठवून एकेक कॉर्नर वहीत उतरला. निम्म्याहून अधिक कॉर्नर प्रतिस्पर्ध्याने कमावलेले नव्हतेच. आपल्याच पोरांनी घाबरून बहाल केलेले होते. कोणी 'डी'त शिरलेल्याच्या काठीवर काठी हाणली होती, कोणाच्या पायाला चेंडू लागला होता. सरांनी पहिला आठवडा एवढेच शिकवले : 'डी'त झडप घालायची नाही. काठी जमिनीलगत ठेवायची, पाय चेंडूच्या वाटेतून बाजूला ठेवायचे, आणि समोरच्याला हळूहळू कडेला न्यायचे. घरात चोर शिरल्यावर काठी शोधण्यापेक्षा रात्री कडी लावणे सोपे, हे आपल्या आजीला ठाऊक होते. हॉकीच्या संघांना ते वही उघडल्यावर समजते.

दुसऱ्या आठवड्यात कॉर्नरची पाळी आली. सरांनी पाच जणांना गोलरेषेमागे उभे केले आणि प्रत्येकाला विचारले, "तुझं काम काय?" पाचही जणांनी एकच उत्तर दिले : "चेंडू अडवायचा." सर हसले. "मग पाच जण कशाला? एकच पुरे झाला असता."

नंतर त्यांनी कामे वाटून दिली. पहिल्याने सरळ मारणाऱ्याच्या अंगावर धावायचे, पण चेंडू अंगावर झेलायला नव्हे. गोलची एक बाजू झाकायला. कोणती बाजू, ते आधीच ठरलेले. म्हणजे गोलकीपरला अख्ख्या ३.६६ मीटर रुंदीच्या गोलची चिंता नको. उरलेला भाग त्याचा. दुसऱ्याने पहिल्याच्या मागोमाग निघून, चेंडू न मारता कोणाला सरकवला तर ती वाट धरायची. तिसऱ्याने खांबाशी राहायचे. चौथ्याने चेंडू ढकलणाऱ्याच्या बाजूला राहून, गोलकीपरच्या पॅडवरून उसळलेला चेंडू कडेच्या रेषेकडे काढून द्यायचा. मध्ये मुळीच नाही. शाळकरी सामन्यांत पहिला फटका अडतोच, गोल होतो तो दुसऱ्या फटक्यावर, असे सरांचे म्हणणे. मुरुमावर चेंडू उड्या घेतो, समोरच्याच्या हातून निसटतो. तेव्हा वेळेवर निघालेल्या पोराला तिथे संधी जास्त.

ते ऐकताना मला सकाळचे बहिणीचे स्वयंपाकघर आठवले. करंज्यांचा घाट होता. एक पारी लाटत होती, एक सारण भरत होती, एक कातणाने कडा कापत होती आणि बहीण कढईशी. चौघीही कढईशी धावल्या असत्या तर करंज्याही फुटल्या असत्या आणि हातही भाजले असते. भाच्याचे दुःख नेमके हेच होते. तो एकटा धावत होता असे नव्हे. तो कुठवर धावणार आहे, हे मागच्या चौघांना कोणी सांगितलेच नव्हते.

याचा मोठा दाखला साऱ्या देशाने पाहिलेला आहे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. हिरवे कार्ड मिळाले तर दोन मिनिटे बाहेर, पिवळे मिळाले तर निदान पाच. पण लाल म्हणजे सामन्यापुरता कायमचा बाहेर, आणि बदली खेळाडूही नाही. उरलेली ४३ मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. त्यातून रोहिदास कोण, तर पेनल्टी कॉर्नरवर सर्वांत आधी धावून जाणारा म्हणून नावाजलेला. ज्याच्या भरवशावर कॉर्नर अडवायचे तोच नाही! पण त्याचे काम दुसऱ्यांनी उचलले. हरमनप्रीत सिंगने गोल केला, ब्रिटनने बरोबरी केली, आणि मग बाकीचा वेळ लाटेमागून लाट अंगावर घेत संघ उभा राहिला. १-१ नंतर शूटआउटमध्ये श्रीजेशच्या गोलरक्षणाच्या बळावर भारताने ४-२ असा विजय मिळवला. पुढच्या सामन्यात निलंबित रोहिदास नव्हता. जर्मनीकडून २-३ अशी हार झाली. पण स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक घरी आलेच. जुन्या पिढीला १९६४ चे टोकियो आठवेल. पाकिस्तानविरुद्धच्या त्या १-० च्या अंतिम सामन्यात गोलमध्ये शंकर लक्ष्मण होता. गोल करणाऱ्याचे नाव पुढे राहते, अडवणाऱ्यांची नावे मुद्दाम सांगावी लागतात.

आता बहिणीचा प्रश्न उरतो. सरांनी तिला मैदानावर बोलावले आणि मुलांसमोरच कबूल केले, "बाई, तुमचं भय खरं आहे. संघाकडे एकच मुखवटा आहे, तोही फुटका. तो बदलेपर्यंत मी कोणालाच धावायला सांगणार नाही." मुखवटा, हातमोजे, गुडघ्याची पॅड, पोटाखालचे गार्ड, एवढे अंगावर असल्याशिवाय पुढे धावायचे नाही, असा त्यांनी दंडकच घातला. पालकांनी वर्गणी काढली. माझ्या बहिणीने सर्वांत आधी पैसे दिले आणि सर्वांत शेवटी होकार दिला.

पुढचा सामना पाहायला मी मुद्दाम पुन्हा नांदेडला गेलो. पुढच्या फेरीसाठी जिंकणे भाग होते. गुण १-१ असे बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. वेळ संपली तरी दिलेला कॉर्नर पुरा होईपर्यंत सामना संपत नाही. पाच जण रेषेमागे. माझी बहीण डोळे मिटून बसलेली.

आणि आमचा भाचा चेंडू ढकलण्याआधीच सुटला!

शिट्टी झाली. नियम असा की, आधी सुटलेल्या खेळाडूने मध्यरेषेपलीकडे जायचे, त्याच्या जागी दुसरा यायचा नाही. म्हणजे आता रेषेमागे चारच. भाचा मान खाली घालून चालू लागला. मला वाटले, झाले, आता हे पोर पुन्हा काठीला हात लावणार नाही.

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्याने न सांगता पहिल्याची जागा घेतली, खांबाशी असलेला अर्धे पाऊल सरकला. चेंडू आला, थोडा उडाला, पोरगा ठरलेल्या बाजूनेच धावला. फटका उघड्या बाजूला गेला; तिथे गोलकीपरचे पॅड होते. उसळलेला चेंडू चौथ्याने कडेला, पार रेषेबाहेर काढला. शिट्टी झाली. सामना बरोबरीत सुटला.

बरोबरीने काही भागले नाही. स्पर्धेतून ते बाहेर पडले. पण पोरे अशी नाचत होती की बघणाऱ्याला वाटावे, चषकच मिळाला. भाचा मध्यरेषेवरून धावत आला तो सरळ त्या दुसऱ्या पोराच्या गळ्यात पडला.

घरी जाताना तो म्हणाला, "मामा, मी नव्हतो तरी अडवलं त्यांनी." यात दुःखापेक्षा सुटका अधिक होती. सगळा भार आपल्या एकट्याच्या खांद्यावर नाही, हे कळायला कित्येकांना पन्नाशी गाठावी लागते. त्याला चौदाव्या वर्षी कळले.

हॉकी सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. परवा बहिणीचा फोन आला तेव्हा फराळाची तयारी चालू होती. मी विचारले, "चिरंजीव कुठे आहेत?"

"इथंच," ती म्हणाली. "करंज्यांना कातण फिरवायलाय. म्हणतो, आई, तू कढई सांभाळ, ही बाजू माझी."