लढाईत बिनतारी संदेश ऐकणाऱ्या माणसाने गावात मयताचे सांगावे का पोचवायचे?

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. दुसऱ्या महायुद्धात सिग्नलमध्ये असलेल्या आमच्या चुलत आजोबांची. आत डिस्चार्जचं पुस्तक, बर्मा आघाडीचं पदक आणि मोर्सच्या टिंब-रेघांनी भरलेली एक वही. लहानपणी आम्ही सगळी पोरं त्यांना विचारायचो, "बाबा, किती जपानी मारले?" ते हसून अहिराणीत म्हणायचे, "एक बी नही. तठे बोलानं नव्हतं, फक्त आयकानं व्हतं."

आम्ही हिरमुसायचो. बंदूक नाही, तलवार नाही, नुसतं ऐकायचं, ही कसली लढाई?

आज कळतं की लढाईचा मोठा भाग तोच होता. शत्रूची बिनतारी यंत्रं मोर्समध्ये बोलत असत. कानाला हेडफोन लावून खरखरीतून ते ठोके वेगळे करायचे आणि चूक न करता कागदावर उतरवायचे. संकेत उलगडला नाही तरी कोण कोणाशी किती वेळा बोलतो, कुठलं केंद्र अचानक गप्प झालं, यावरून सैन्याची हालचाल ताडता येते. दोन वेगळ्या ठिकाणांहून आवाजाची दिशा मोजली की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे शत्रूचं यंत्र. या कामाचं भारतातलं मुख्य केंद्र दिल्लीजवळ आनंद पर्बतवर होतं, 'वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर' नावाचं. बंगळूर आणि बराकपूरला त्याची उपकेंद्रं होती. १९४३ मध्ये जपानी लष्कराच्या जलवाहतुकीचा संकेत फोडण्यात या केंद्राचा वाटा होता. सगळ्यांना गुप्ततेचं बंधन. ब्रिटनमध्येसुद्धा या कामाची उघड चर्चा १९७४ नंतरच सुरू झाली. आमचे बाबा तर मरेपर्यंत त्या एका वाक्यापुढे गेले नाहीत.

आता प्रश्न असा की पूर्व खानदेशातल्या महारवाड्यातलं पोर तिथवर पोचलं कसं?

१८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. आपले पूर्वज अर्ज करत राहिले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेबांनी हा प्रश्न सरकारपुढे लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. दार पुन्हा उघडलं ते असं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिकवत होते. लष्कर आपल्यासाठी भाकरी होती, त्याहून जास्त ती शाळा होती. गावच्या शाळेत दाराबाहेर बसलेल्या पोराला सिग्नलमध्ये अक्षर, आकडा आणि यंत्र हातात मिळालं.

आणि परत आल्यावर काय मिळालं?

१९४६ मध्ये बाबा गावी आले. आठवड्याभरात गावकीचा निरोप आला: अमक्याकडे मयत झालंय, पाच गावांना सांगावा पोचवून ये. येसकराची पाळी तुमच्या घराची आहे.

जरा थांबून विचार करा. शेकडो मैलांवरचे संदेश हवेतून टिपणारा माणूस. त्याला गावाने सांगितलं, काठी घे आणि पायी निरोप पोचव, भाकरतुकडा मिळेल. दवंडी, सारा तालुक्याला नेणं, मयताचा सांगावा ही शतकानुशतकं महाराच्या माथी मारलेली कामं. गावाचं टपाल आणि तारखातं आपणच होतो. पण पगार नाही, सुट्टी नाही, नकाराचा अधिकार नाही. काम तेच, संदेशाचं. एका ठिकाणी त्याला हुद्दा आणि पगार, दुसऱ्या ठिकाणी शिळी भाकर. म्हणून आम्ही म्हणतो, काम कधीच हलकं नव्हतं. सक्तीने आणि जातीने ते हलकं केलं.

बाबांनी नकार दिला. दुकान बंद झालं, दळण बंद झालं, विहिरीची वाट बंद झाली. आमच्या आजीला दोन कोस लांबून पाणी आणावं लागलं. खानदेशाला हे नवं नाही. १९२९ मध्ये स्टार्ट कमिटीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात आले आणि एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला परतले. तेव्हा टांगेवाल्यांनी महाराला घेऊन टांगा हाकायला नकार दिला. हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेब पुलावर पडून जखमी झाले. परदेशातल्या पदव्या असोत की लढाईतलं पदक, टांगेवाल्याला आणि गावकीला दिसली ती फक्त जात.

वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे लढाईहून परतलेल्या माणसाला गावकीच्या नजरेत आणखी बारा वर्षं वतनदार नोकरच राहायचं होतं.

कोणी म्हणेल, ही तर इंग्रजांची चाकरी. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक होते, सगळ्या जातीधर्मांचे. इतरांच्या आजोबांच्या पदकांना शौर्य म्हणायचं आणि आमच्याच पदकाला चाकरी? नाझी आणि जपानी विजय हे जगावरचं मोठं संकट आहे, हे बाबासाहेब तेव्हा उघडपणे सांगत होते. ती भूमिका लाचारीची नव्हती.

पण एक बोट आपल्याकडेही वळवू या. आपण भीमा कोरेगावचा स्तंभ डोक्यावर घेतो, ते योग्यच आहे. तलवारीची गाणी होतात, हेडफोनची होत नाहीत. रुग्णपथकातला, कारकुनीतला, वायरलेसवरचा आपला माणूस मिरवणुकीत बसत नाही म्हणून आठवणीतूनही जातो. आमच्याच घरातली ती मोर्सची वही एकदा रद्दीत जाता जाता वाचली. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या तरुणांना एकच सांगणं. घरातल्या पेट्या उघडा. डिस्चार्जच्या पुस्तकावरचा नंबर, हुद्दा, युनिट लिहून घ्या, फोटो काढा. सिग्नलचे लष्करी दप्तर जबलपूरला आहे, महार रेजिमेंटचं केंद्र सागरला. तिथे वारस म्हणून अर्ज करा. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जमतोच. येताना त्या कागदांच्या प्रती घेऊन या. म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांना विचारा.

बाबा म्हणायचे, तिथे फक्त ऐकायचं होतं. आता बोलायची पाळी आपली आहे.

जय भीम.