'बिस्मिल्लाह'च्या पुढेही ऐका

क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'बोहेमियन रॅप्सडी'त 'बिस्मिल्लाह' हा शब्द येतो. आपल्यातले काही जण त्यावर खूश होतात, काही नाराज. दोघांनीही गाणं पुरतं ऐकलेलं नसावं, अशी माझी शंका आहे. ते ज्या अल्बममध्ये आहे तो 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' १९७५चा. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फरोख बल्साराचा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचा, त्यातला आवाज मी सध्या २०११च्या रिमास्टरमधून ऐकतोय.

मिक्सिंगमध्ये गिटार, ड्रम, गळा यांचं आपसातलं प्रमाण ठरतं. मास्टरिंग ही त्यानंतरची पायरी. तयार मिश्रणाचा पोत आणि आवाजाची पातळी तिथे ठरते. रिमास्टर करणारा जुन्या टेपवरून हीच पायरी पुन्हा चढतो. इथे ते काम बॉब लुडविग यांनी केलं, आणि ते सोपं नव्हतं. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच स्वतःच्या आवाजांवर आवाज चढवत त्या गाण्यातला अख्खा कोरस उभा केला होता. टेप मशीनवरून इतक्या वेळा फिरली की तिचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली.

माझ्या बीएडच्या दिवसांतल्या कॅसेटवर हा कोरस म्हणजे जत्रेतला गलका होता. आता त्यातला एकेक गळा वेगळा ओळखू येतो. 'गुड कंपनी'त मे यांनी एकट्या गिटारीतून जॅझचा ताफा वाजवलाय, तोही नीट उलगडतो. इथवर रिमास्टरला माझी मनापासून दाद.

तक्रार आहे ती मोठेपणाची. सीडीच्या काळापासून हळू आवाज वर ओढून सगळंच सारखं जोरात करायची खोड लागली. हा अल्बम त्यातला सर्वांत वाईट नमुना नाही. तरी 'लव्ह ऑफ माय लाइफ'मधला पियानो आणि हार्प माझ्या कानांना जरा जास्तच पुढे आलेले वाटतात. कुजबुज जवळ आणली की ती कुजबुज राहत नाही.

एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यात कुणी पदरची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. उर्दूत इम्तियाज अली अर्शींनी गालिबचा दीवान संपादित केला तेव्हा पाठभेदही नोंदवले. संगीतात ही शिस्त का नको? बहुतेक अ‍ॅपवर गाण्यापुढे 'रिमास्टर्ड २०११' एवढंच दिसतं, जुनी प्रत शोधूनही सापडत नाही. छापील आवृत्ती निघाली म्हणून हस्तलिखित कुणी चुलीत घालत नाही. कंपन्यांनी दोन्ही ठेवाव्यात.

तोवर कुणाकडे जुनी तबकडी किंवा पहिली सीडी असेल, तर 'लव्ह ऑफ माय लाइफ' दोन्हींवर ऐकून बघा. फक्त आवाजाचं बटण मधे हलवू नका.