मौनी नगरसेवक काय कामाचे?

नळास पाणी किती वाजतां यावें, गटार कोणीं उपसावें, पेठेंतील दिवा कां बंद, हे प्रश्न दिसावयास क्षुद्र. पण शहराचें आरोग्य, व्यापार व मुलांचें शिक्षण यांचें भवितव्य ह्याच प्रश्नांवर अवलंबून असतें. तेव्हां हे प्रश्न सोडविण्यास ज्यांस आपण मतें देऊन पाठवितों, ते सभेंत जाऊन काय करतात हें पाहणें प्रत्येक करदात्याचें कर्तव्य आहे. आमचें स्पष्ट मत असें कीं, स्थानिक राजकारणांत सज्जनांची उणीव नाहीं. उणीव आहे ती आक्रमक सज्जनांची.

आक्रमक हा शब्द ऐकतांच कांहीं वाचक दचकतील. सभागृहांत आरडाओरडा करणें, राजदंड पळविणें, ह्यास आम्ही आक्रमकपणा म्हणत नाहीं. तो केवळ तमाशा होय, व त्यानें कोणाही अधिकाऱ्याचा केस वांकडा होत नाहीं. अंदाजपत्रकांतील आंकडा न् आंकडा वाचणें, प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळेपर्यंत तो न सोडणें, आणि सारी सभा विरुद्ध असली तरी आपला विरोध नोंदविणें, हा खरा आक्रमकपणा. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा असें म्हणून त्यांनीं एकट्यानें विरोध केला. त्या ठरावास हात वर करणारांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत?

मुंबईचें उदाहरणही असेंच आहे. 1871 सालीं कमिशनर क्रॉफर्ड यांच्या खर्चिक कारभाराविरुद्ध करदाते उठले, तेव्हां तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनीं रोगाचें मूळ ओळखलें: अधिकारी समर्थ असावा, परंतु त्याच्यावर लोकनियुक्त सभेचा अंकुश असावा. 1888 च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याच्या घडणींत त्यांचा मोठा वांटा होता. अहमदाबादेस वल्लभभाई पटेल 1917 सालीं निवडून गेले आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनमानीस त्यांनीं सभेंतच आव्हान दिलें. पुढें 1924 सालीं तेच तेथील अध्यक्ष झाले.

उलट बाजूही पाहावी. महाड म्युनिसिपालिटीनें 1924 सालीं चवदार तळें अस्पृश्यांस खुलें केल्याचा ठराव केला. ठराव उत्तम, पण तो अमलांत आणण्याची धमक सभेस नव्हती. तीन वर्षें तो दप्तरांत पडून राहिला, व शेवटीं 1927 च्या मार्चांत डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह तळ्यावर जावें लागलें. इतकेंच नव्हे, तर त्याच वर्षीं म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला! ज्या ठरावामागें निर्धार नाहीं, तो ठराव म्हणजे रद्दी होय.

आज कायदा दुबळा आहे असेंही नाहीं. 1993 पासून अमलांत आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनें नगरसभांस घटनेंत स्थान दिलें. एकूण सभासदांपैकीं पांच-अष्टमांशांनीं ठराव केल्यास कमिशनरास परत बोलावणें सरकारास भाग आहे. पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे, हें सर्वोच्च न्यायालयानें 2006 सालीं तोमर खटल्यांत बजावलें. तरीही मार्च 2022 मध्यें मुदत संपल्यावर मुंबई व पुणें येथें तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचें राज्य चाललें. त्या काळांत खर्चाविषयीं जाब विचारणारें सभागृहच नव्हतें. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही कीं, फारसें कांहीं हरवलें असें शहरास वाटलें नाहीं. मौनी सभासदांच्या कारकीर्दीवर याहून कठोर शेरा दुसरा कोणता असणार?

आमच्या व्यापारी वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 1 जुलै 2017 रोजीं मुंबईची जकात गेली व तिच्या जागीं राज्य सरकारची भरपाई आली. जकातीच्या नाक्यांचा जाच टळला हें चांगलेंच. पण जी सभा पूर्वीं स्वतःच्या हातानें तिजोरी भरीत असे, तीस आतां दुसऱ्याच्या दारीं आपला हक्काचा वांटा मागावा लागतो. अशा वेळीं मिंधा प्रतिनिधी काय आणणार? रडल्याशिवाय आईही दूध पाजीत नाहीं. मग सरकारची काय कथा!

कोणी म्हणेल, अधिकाऱ्यांशीं भांडल्यास वॉर्डांतील कामें अडतील. आम्ही विचारतों, मर्जीनें मिळालेला रस्ता आपला किती दिवस? मर्जी फिरली कीं खड्डा ठरलेलाच. हक्कानें मिळविलेलें काम मात्र टिकतें, कारण त्यामागें कागद, प्रश्न व नोंद असते.

ह्या दुखण्याचें औषध मतदारांच्याच हातीं आहे. उमेदवार दारीं येईल तेव्हां त्याच्या लग्नमुंजींतील हजेरीचा हिशेब न घेतां एवढेंच विचारावें: गेल्या मुदतींत सभेंत प्रश्न किती विचारले, आणि विरोध कोठें नोंदविला? ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्यास नमस्कार करून परत पाठवावें. बोलका मतदार असल्यावांचून बोलका प्रतिनिधी निपजत नाहीं, हें आम्हीं कधींही विसरूं नये.